चौतीस बाईंनी काढलेला पेपर

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा बाई वॉशिंग मशीनवर बसल्या होत्या.

बसावंच लागे. कपडे पिळायची वेळ आली की ते मशीन जागचं उठायचं आणि धडधडत स्वयंपाकघराच्या दिशेने चालू लागायचं. वर कोणीतरी भरभक्कम माणूस असेल तरच ते जागेवर राही. पलीकडून शिक्षक अदलाबदल योजनेच्या कार्यालयातली मुलगी "अभिनंदन, मॅडम" म्हणाली आणि बाईंच्या तोंडून फक्त "हो, हो" निघालं, तेही एकेका 'हो'चे चार तुकडे होऊन. मुलीला वाटलं, बाई रडताहेत.

"मॅडम, सावकाश. आधी पाणी प्या."

"अजून चार मिनिटं उतरता येणार नाही," बाई थरथरत म्हणाल्या.

मशीन थांबलं, बाई उतरल्या, तरी अंगातली थरथर काही जाईना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, ही मशीनची नव्हे.

बाई गणिताच्या. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं एकाच शाळेत, त्यातली सोळा एकाच खोलीत. त्या खोलीतल्या फळ्याचा उजवा कोपरा खडू घेत नाही, म्हणून बाईंची सगळी समीकरणं डावीकडे सरकलेली असत. पोरं त्यांना मागे 'चौतीस बाई' म्हणत. पास व्हायला पस्तीस लागतात, आणि बाईंनी आजवर कोणाच्या चौतीसचे पस्तीस केलेले नव्हते. मुख्याध्यापिकांचा सख्खा भाचाही एकदा चौतीसवर अडकला होता. "एका मार्कासाठी काय बाई?" असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, तर बाई म्हणाल्या, "एकच आहे ना, मग मिळवू दे की त्याला." लाल पेनाने एकदा लिहिलेला आकडा त्या खोडत नसत. तशी वेळच आली नव्हती.

योजना अशी होती, की बाईंनी सहा महिने परदेशात, तिकडच्या शाळेत शिकवायचं आणि तिकडच्या गणिताच्या बाईंनी इकडे यायचं. नुसती नोकरीच बदलायची नव्हती, घरंही बदलायची होती. तिकडच्या बाई एकट्या राहणाऱ्या, त्यामुळे आपल्या बाईंच्या वाट्याला अख्खं रिकामं घर येणार होतं. आणि त्या बाईंच्या वाट्याला आपल्या बाईंचा नवरा, सासू आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली लेक.

"म्हणजे तिचं नुकसानच आहे," लेक म्हणाली.

पहिले आठ दिवस घर नुसतं उधळलं होतं. नवऱ्याने बॅग आणली ती एवढी मोठी, की तिच्यात लेकीने बसून पाहिलं. सासूबाई मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी घरीदारी सगळे त्यांना मेट्रनच म्हणत. त्यांनी सुनेचा रक्तदाब रोज सकाळी मोजायला घेतला, आणि तो रोज थोडा वाढलेला निघायचा. "आनंदाचा आहे," त्या म्हणायच्या, "याला औषध नसतं." बाई रस्त्याने चालताना तिकडच्या भाषेत आकडे म्हणत. भाजीवाल्याला एकदा त्यांनी तिकडच्याच भाषेत भाव विचारला आणि तो बिचारा दुकानातल्या शिकलेल्या पोरीला हाक मारायला लागला. तिकडच्या वर्गात बावीस मुलं असतात असं कळल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगत सुटल्या. बावीस म्हणजे आपल्या पहिल्या दोन रांगा. उरलेल्या वर्गाचं काय करायचं असतं, असं चित्रकलेच्या सरांनी विचारलं तर म्हणाल्या, "नाचता येईल."

मग तिकडच्या बाईंची वही आली.

योजनेचा नियमच होता. दोघींनी आपापल्या घराची वही लिहून एकमेकींना पाठवायची. काय कसं चालतं, काय कुठे असतं. तिकडची वही बेचाळीस पानांची, फोटोंसकट. दिवे, कुलपं, कचरा, शेजारी. आणि एकोणतिसाव्या पानावर एवढंच, 'खिडकीतल्या खुर्चीवर दुपारी तीन ते चार ऊन असतं. त्या वेळी तिच्यात बसावं. दुसरं काही करू नये.'

ही तीन वाक्यं बाईंनी अकरा वेळा वाचली. वडिलांच्या घरी त्या पाच भावंडांत वाढल्या, वसतिगृहात तिघींत एक खोली, आणि लग्नानंतर हे घर. रिकाम्या घरातल्या खुर्चीत तासभर बसणं म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नव्हतं. मला जायचंच आहे, असं त्यांना पहिल्यांदा नक्की वाटलं ते या खुर्चीपाशी.

मग त्या आपली वही लिहायला बसल्या आणि तिथे सगळं फिसकटलं.

पानं भरत गेली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. कपाटाचं उजवं दार उघडायचं तर आधी डावं उघडायचं, नाहीतर दोन्ही अंगावर येतात. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, लावली तर दार गुडघ्याने उचलल्याशिवाय सुटत नाही. दिवाणखान्यातला पंखा तीनवर ठेवायचा नाही. फ्रिजचं दार लावल्यावर एक चापट. सासूबाईंच्या सकाळच्या दोन गोळ्यांपैकी पांढरी आधी नाही, नंतर. मागच्या अंगणातल्या नळाचा थेंब गेली चार वर्षं बादलीत पडतो, ती बादली सकाळ-संध्याकाळ झाडांना घालायची.

"हे सगळं तुला कसं माहीत?" नवऱ्याने वही चाळत कौतुकाने विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत नाही?" बाईंनी विचारलं.

नवरा पाणीपुरवठा खात्यात होता. कुठल्या गल्लीत कुठली लाईन आणि कोणाच्या दारात कुठला व्हॉल्व्ह, याच्या नोंदी ठेवायचं त्याचं काम. घरचा नळ मात्र चार वर्षं गळत होता, आणि यावर घरातले सगळे विनोद करून संपले होते.

त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. ही तिघं परक्या बाईंना काय सांगणार, आणि आपण नसताना स्वतः काय करणार? शुक्रवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं. सोमवारी दुपारी बारापर्यंत संमतीपत्र सही करून शाळेत द्यायचंय. रविवारी सकाळी दहाला घराचा लेखी पेपर होईल. शंभर गुण, वेळ दोन तास. तिघं पास झाले तरच मी जाणार.

"आणि नाही झालो तर?" लेकीने विचारलं.

"तर सही करणार नाही."

"ग्रेस?" नवऱ्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही, आपलं विचारून ठेवलं."

रविवारी जेवणाच्या टेबलाच्या तीन टोकांना तिघं बसले. मेट्रननी पाठीला उशी, पायाखाली पाट आणि जादा पुरवणी आधीच मागून घेतली. बाईंनी घड्याळ मधोमध ठेवलं, सूचना वाचून दाखवल्या आणि दोन तास त्या टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिल्या, सवयीने हात मागे बांधून. रिकाम्या जागा भरा. चूक की बरोबर ते लिहा. कारणे द्या. एका वाक्यात उत्तरे लिहा. टीपा लिहा, कोणत्याही दोन. नवरा वीस मिनिटांत पेन चावायला लागला. "बाहेर जाऊन येऊ का?" त्याने विचारलं. "एक तास झाल्याशिवाय नाही," बाई म्हणाल्या. मेट्रन मान वर न करता लिहीत होत्या. लेकीने पुरवणी घेतली तेव्हा बाईंचा ऊर भरून आला.

दुपारी चहा झाल्यावर त्यांनी पेपर तपासायला घेतले. लेकीला अठ्ठ्याऐंशी. मेट्रनना एक्याऐंशी. बाईंना खुर्चीतलं ऊन दिसायला लागलं. मग त्यांनी नवऱ्याचा पेपर उघडला.

'पंखा तीनवर ठेवू नये, कारण पाहुण्यांना थंडी वाजते.' कारण खरं तर हे, की तीनवर ठेवला की तो छताचा चुना चहात पाडतो. 'टीप : वॉशिंग मशीन. हे मशीन आम्ही लग्नानंतर घेतले. ते पांढरे आहे. त्याच्यावर बहुधा माझी पत्नी बसलेली असते.' 'टीप : मेट्रनच्या गोळ्या. माझ्या आईच्या गोळ्या वेगवेगळ्या रंगांच्या असून त्या तिला आवडत नाहीत.'

बाईंनी तीनदा बेरीज केली. तेहतीस.

"दोनच मार्क," नवरा म्हणाला.

"दोन," बाई म्हणाल्या.

"अगं, टीप चांगली लिहिलीय त्याने," मेट्रन म्हणाल्या. "मशीन पांढरं आहे हे काही खोटं नाही."

बाई ऐकत नव्हत्या. त्यांनी तिन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. बावीस वर्षांची नजर, ती उगाच अडकत नाही. प्रश्न चौथा, 'घराच्या पाण्याचा मेन व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत पूर्ण बंद होतो?' गुण दोन. वहीत उत्तर होतं, अडीच. तिघांनी लिहिलं होतं साडेतीन, आणि तिन्हीकडे लाल फुली होती. बरोबर उत्तर तिघांचं सारखं येऊ शकतं. चुकीचं तिघांचं सारखं आलं, की वर्गात काय झालेलं असतं ते शिक्षकाला कोणी सांगावं लागत नाही. आणि साडेतीन हे बाईंनीच उत्तरांच्या कच्च्या कागदावर आधी लिहिलं होतं. मग विचार करून त्यांनी वहीत अडीच केलं होतं, कागदावरचं खोडायचं राहिलं होतं.

"पेपर फुटलाय," त्या म्हणाल्या.

लेक छताकडे पाहायला लागली. तिथे पंखा दोनवर फिरत होता.

"मी फोडला," मेट्रन शांतपणे म्हणाल्या. "कात्री शोधत होते, तर ड्रॉवरमध्ये उत्तरांचा कागद सापडला. हिला घेऊन गच्चीत बसले, पाठ केला. माझं वय बघता एक्याऐंशी कमी नाहीत."

"आई, तुम्ही? तुम्ही एका नर्सला तापाचा तक्ता आधीच भरून ठेवला म्हणून घरी पाठवलं होतंत."

"तेव्हा पेशंटच्या जिवाचा प्रश्न होता. इथे नापास झाले असते तर तू गेली नसतीस. आणि न जाता सहा महिने या घरात जे तोंड करून वावरली असतीस, ते कोणी बघायचं? मी म्हातारी बाई आहे."

बाईंना यावर चिडताही येईना. त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"मी पाहून लिहिलेलं नाही," नवरा म्हणाला. "मला कोणी सांगितलंच नाही कागदाचं. साडेतीन मला माहीत होतं. आपल्या गल्लीतले सगळे व्हॉल्व्ह त्याच मापाचे आहेत, माझ्या रजिस्टरात आहेत."

"तिघांचं एकच चुकीचं उत्तर, आणि तुम्ही पाहून लिहिलं नाही."

"अगं, पाहून लिहिलं असतं तर तेहतीस पडले असते का?"

"तुम्हाला पाहूनसुद्धा तेहतीसच पडू शकतात."

लेक फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण बाबा हसले नव्हते. त्यांनी पेपर उचलला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. "अडीच तर अडीच," ते म्हणाले आणि मागच्या अंगणात गेले.

संध्याकाळभर संमतीपत्र टेबलावर पडून होतं. मेट्रननी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, म्हणजे उडायला नको. बाईंनी तिकडची वही उघडली, एकोणतिसावं पान काढलं आणि न वाचताच मिटली. उद्या मुख्याध्यापिकांना काय सांगायचं, याची वाक्यं त्या मनात जुळवत होत्या. प्रत्येक वाक्याचा शेवट 'दोन मार्कांनी' असाच होत होता.

सोमवारी सकाळी साडेसातला मागच्या अंगणात ठोकाठोक ऐकू आली. बाई खिडकीशी गेल्या. नवरा लुंगी वर खोचून, हातात पाना घेऊन गळक्या नळापाशी उकिडवा बसला होता. शेजारी कागदावर नवा नळ.

"आज कशी आठवण झाली? चार वर्षांनी?"

"तू जा नाहीतर राहा," तो नळाशीच बोलत म्हणाला. "बादली उचलून मलाच कंटाळा आलाय."

"तुम्ही बादली कधी उचललीत?"

"उचलायला लागली असती," तो म्हणाला आणि पान्याला जोर दिला.

जुना नळ सुटून त्याच्या हातात आला. मागोमाग पाणी आलं. ते सरळ खिडकीतून आत घुसलं, बाईंच्या चष्म्यावर आपटलं, पुढे जाऊन कॅलेंडर भिजवलं आणि पंख्यापर्यंत पोचलं. नवऱ्याने दोन्ही तळहात पाइपच्या तोंडावर दाबले, तेव्हा पाण्याचे दोन फवारे झाले, एक झाडांवर, एक शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. कुंपणापलीकडून शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, धुतलेले आहेत ते."

"व्हॉल्व्ह बंद केला नव्हतात का?" बाई ओरडल्या.

"केलाय," नवरा ओल्या मिशांतून म्हणाला. "अडीच फेऱ्या. तुझ्या वहीत बघून केला."

मेट्रन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. एका हाताने त्यांनी भिंतीवरचं विजेचं मुख्य बटण खाली ओढलं आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचं संमतीपत्र उचलून झग्याच्या आत सारलं. "तू," त्या नातीला म्हणाल्या, "बाहेर. व्हॉल्व्ह. पळ. तू," सुनेला, "टॉवेल, सगळे. आणि रडायचं असेल तर नंतर." लेक अनवाणी धावली. पुढच्या पायरीजवळच्या लोखंडी झाकणाचा आवाज झाला. इकडे पाणी तसंच. मग हळूहळू त्याचा फवारा लहान झाला, नवऱ्याच्या बोटांतून ओघळ उरले, मग थेंब, मग तेही नाही.

"अजून एक फेरी बसली," लेक बाहेरून म्हणाली. "पूर्ण एक."

"अडीच आणि एक किती?" मेट्रननी विचारलं.

पंख्याच्या पात्यावरून पाणी टपटपत होतं.

बाई तशाच ओल्या साडीने आत गेल्या आणि लाल पेन घेऊन आल्या. "पेपर द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्याने खिशातून घडी काढली. ती ओलीचिंब झाली होती, पण उलगडली. बाईंनी मशीनच्या झाकणावर ती पसरली, चौथ्या प्रश्नावरची फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि शेजारी सही केली, नियमाप्रमाणे. मग पहिल्या पानावरचे तेहतीस खोडले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच खोडत होत्या. वर लिहिलं, पस्तीस.

"हे ग्रेस नाही ना?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. ही फेरतपासणी आहे. चूक तपासणाऱ्याची होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही कालच सांगत होतात, मी ऐकलं नाही."

"ऐकलं असतंस तर नळ अजून गळत राहिला असता," तो म्हणाला. मग त्याला हसू फुटलं, आणि एवढा मोठा माणूस ओल्या लुंगीत फरशीवर बसून हसताना पाहून बाईंनाही आवरेना. दोघं हसत राहिले, तोपर्यंत शेजारणीने कपडे कुंपणावरून इकडे टाकले. "आता तुम्हीच धुवा," ती म्हणाली.

"आमचं काय?" लेक दारात उभी होती. "आमचे पेपर रद्द ना?"

"लेखी रद्द," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "प्रात्यक्षिक झालं आत्ता. त्यात दोघी पास. आजीचं बटण मला सुचलं नसतं."

टॉवेल, पडदे, शेजारणीचे कपडे, सगळं मशीनमध्ये गेलं. घराची ती बाजू तोवर सुकली होती. मेट्रननी बटण वर केलं आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर नवा नळ एका थेंबाचाही आवाज न करता उभा राहिला. नवरा-बायको मागच्या पायरीवर चहाचे कप घेऊन टेकले. ऊन नेमकं तिथेच आलं होतं. बाईंनी वही मांडीवर घेतली, अडीच खोडून साडेतीन केलं, गळक्या नळाचा परिच्छेद काढून टाकला. मग थोडं थांबून शेवटच्या पानावर लिहिलं, 'मागच्या पायरीवर सकाळी अकराला ऊन येतं. दोन माणसं मावतात.'

"तीन," नवरा वाकून वाचत म्हणाला. "आई सरकून बसली तर."

तेवढ्यात आत मशीनने कपडे पिळायला घेतले आणि मेट्रनचा आवाज आला, "मी बसलेय वर. आणि तुमचं पत्र माझ्याकडे आहे. सव्वाअकरा वाजलेत. सही करायची असेल तर इथे येऊन करा, मला उतरता येणार नाही."

बाई धावत आत गेल्या. मेट्रन मशीनवर ताठ बसून गदगदा हलत होत्या. झग्यातून निघालेलं संमतीपत्र उबदार आणि कोरडं होतं. बाईंनी ते झाकणावर, सासूबाईंच्या गुडघ्याशी टेकवलं.

"थांबेपर्यंत वाट बघू का?"

"ब-घू न-को-स," मेट्रन म्हणाल्या. "म-ग प-र-त वि-चा-र क-र-शी-ल."

बाराला सहा मिनिटं असताना बाई शाळेच्या कार्यालयात पोचल्या. केस ओले, पदर उलटा. कारकूनबाईंनी पत्र घेतलं, शिक्का मारला आणि सही उजेडात धरली. ती कागदभर नागमोडी धावली होती.

"बाई, सही हलली आहे. कचरताय का?"

"छे. मशीनवर केलीय."

"कसलं मशीन?"

"पान एकवीस," बाई म्हणाल्या आणि वही टेबलावर ठेवली. "तिकडे पाठवायच्या आधी एक झेरॉक्स काढा. आमच्या घरच्यांना लागेल."